क्रियापद हवं

आमच्या शाळेनं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी पाठकोऱ्या कागदांचं नाव आधी घेईन. मराठीच्या बाईंच्या टेबलावर त्यांची चळत असायची. जुन्या प्रश्नपत्रिका, परिपत्रकं, मिळेल ते. तासाची पहिली पाच मिनिटं डोक्यात जे चाललंय ते कोऱ्या बाजूवर लिहायचं. शुद्धलेखन तपासणार नाही, कागद गोळा करणार नाही, शेजाऱ्यानं डोकावायचं नाही. लिहिलेलं फाडायचं की दप्तरात ठेवायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

अट एकच. वाक्य पुरं पाहिजे, क्रियापदासकट. नुसतं 'गणित' लिहून भागायचं नाही. "गणिताचं काय? भीती वाटते? वही हरवली? प्रमेयं राहिली?" बाई विचारायच्या. 'राहिलेली प्रमेयं आज जेवण झाल्यावर सोडवणार' असं लिहिलं, की पुढचा धडा खरोखर कानात शिरायचा.

माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिणारे दिवाणजी होते. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "ही रोजकीर्दच की गं. आलं तसं उतरवायचं, खात्यावार खतावणी मागनं." तेव्हा बाईंची रीत मला पुरती उमगली. लिहिताना निवड करत बसायचं नाही, निवड नंतर.

बाईंच्या अटीत किती तथ्य होतं, ते पुढं वाचनातून कळलं. मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं, की अपुरं काम मनात घुटमळत राहतं. पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत केला, तर काम व्हायच्या आधीच ते घुटमळणं थांबतं. २०१८ मध्ये बेलर विद्यापीठातल्या मायकेल स्कलिन यांच्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी उरकलेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर! बाईंचं क्रियापद ते हेच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या सवयीनं मला तारलं. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचा छापखाना आहे. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पाणी चढत होतं तेव्हा फोन सारखा वाजत होता आणि मला एक काम धड सुचत नव्हतं. मी जॉबशीट उलटी केली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडं: कागदाची रिमं माळ्यावर चढवायची. मशीनच्या मोटारी सोडवून वर न्यायच्या. कामगारांना आजच पगार द्यायचा. सासूबाईंची औषधं पिशवीत भरायची. उजवीकडं: पाणी अजून चढेल. महामार्ग बंद आहे, कागदाची गाडी अडकली आहे. विमा मिळेल की नाही कळत नाही. उजवी बाजू तशीच ठेवून मी डावीकडच्या पहिल्या ओळीला हात घातला. खालची दोन मशीनं बुडाली, पण कागद वाचला आणि माणसं वेळेत हलली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मनातली खोल दुखणी लिहिताना आधी जास्त रडू येतं. घरात कुणी गेलेलं असेल, तर बाई त्या मुलाला म्हणायच्या, "आज नको वाटलं तर चित्र काढ." लिहिण्याची सक्ती त्यांनी कधी केली नाही. आणि झोप, भूकच उडाली असेल तर डॉक्टरांकडंच जावं; कागद तिथं पुरत नाही.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेकडं माझं एक मागणं आहे. ही पाच मिनिटं पुन्हा सुरू करा, निदान दहावीच्या वर्गांना. कागदाची काळजी नको. छापखान्यात कटिंगमधून उरलेला कागद रोज निघतो. त्याची पॅडं बांधून मी दर महिन्याला शाळेत पोचवीन.