चौथं पुस्तक

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं पत्र आलं आणि सगळ्यात आधी डोळ्यांसमोर आल्या त्या मराठीच्या बाई. शाळेबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, ते इतर जण लिहितीलच. मी बाईंबद्दलच लिहिणार. त्यांचं नाव घालत नाही. आमच्या काळातल्या कोणालाही नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी कळतं.

जानेवारी २००८. मी नववी ‘ब’मध्ये होते. बाबा भांडी बाजारात एका दुकानाचे हिशेब लिहायचे. एका सोमवारी ते दुकानातच कोसळले आणि संध्याकाळी आमच्या वाड्याच्या चौकात माणसं मावेनात. दिवस झाल्यावर मी शाळेत आले, तर मैत्रिणी माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेल्या. पीटीच्या तासाला मला झाडाखाली बसवलं गेलं. सगळे चांगलेच वागत होते आणि मला तेच सोसत नव्हतं.

त्या आठवड्यात बाई ‘श्यामची आई’बद्दल सांगत होत्या. साने गुरुजींनी हे पुस्तक आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३, अवघ्या पाच दिवसांत. जेल रोडवरून जाताना ती भिंत सगळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे वर्गात कुजबुज झाली. बाईंनी फळ्यावर १९३३ लिहिलं आणि त्याच्याखाली १९१७. “गुरुजींची आई गेली ते हे साल. वजाबाकी करा.” वर्ग ओरडला, सोळा! “मग पाच दिवस कसले? सोळा वर्षं लागली,” एवढंच बोलून त्यांनी फळा पुसला. माझ्याकडे बघितलंही नाही. पण ते माझ्यासाठी होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला वाचनालयाच्या खोलीत बोलावलं. ते हिरवं लोखंडी कपाट आठवतं ना? दार अडकायचं, खालून गुडघ्यानं ढकललं की उघडायचं. त्यातून त्यांनी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ काढून माझ्या हातात दिलं, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि म्हणाल्या, “अशी चार आहेत. एकेक करून ने.”

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्याच वर्षी मला वर्गातला एक मुलगा आवडायला लागला होता. डावखुरा होता, फळ्यावर रोजचा सुविचार तोच लिहायचा आणि लिहिता लिहिता मनगटानं अर्धा पुसून टाकायचा. तेराव्याला तो त्याच्या आईबरोबर आमच्या घरी आला. दाराबाहेर त्याच्या चपला दिसल्या आणि मला आनंद झाला. समोर बाबांचा हार घातलेला फोटो, आत आई भिंतीला टेकून बसलेली, आणि मला आनंद झाला होता! त्या दिवसापासून मला स्वतःची इतकी किळस वाटायची की जेवण जात नव्हतं. बाप गेलेल्या मुलीला असं काही वाटूच कसं शकतं?

आणि मग ‘वनवास’मधला लंपन भेटला. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा, घरच्या आठवणीनं आतून पोखरलेला मुलगा. त्याच मुलाला सुमी आवडते. एकाच पोटात दोन्ही. एक दुसऱ्याला ढकलून बाहेर काढत नाही. संतांनी त्याबद्दल लंपनला कुठेही शिक्षा केलेली नाही, त्याला समजावायलाही कोणी येत नाही. मी माळ्यावर बसून वाचलं आणि बाबा गेल्यावर पहिल्यांदा पोटभर रडले. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आई बघतच राहिली.

बाईंना माझं हे कळलं होतं का? अजून सांगता येत नाही.

त्याच सुमारास वर्गात मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ फिरत होती, खाकी कव्हर घालून. एका सरांनी ती एका मुलाच्या दप्तरातून काढून घेतली. बाई स्टाफरूममध्ये जाऊन ती परत घेऊन आल्या. “नववीतल्या जोशीची गोष्ट नववीतल्या मुलांनी नाही वाचायची, तर कोणी?” असं त्या म्हणाल्याचं आम्हाला शिपाईकाकांकडून कळलं. जोशीला आवडणारी शिरोडकर निघून जाते त्या पानांशी आमच्या वर्गातली दांडगी मुलंही गप्प झाली होती. आणीबाणी म्हणजे काय, हेही आम्ही इतिहासाच्या पुस्तकाआधी तिथेच वाचलं.

लंपनच्या चारांतलं दुसरं, ‘शारदा संगीत’, उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं. तिसरं, ‘पंखा’, घरी असताना सप्टेंबर २००८चा गोदावरीचा पूर आला आणि सराफ बाजाराबरोबर आमच्या वाड्यातही पाणी शिरलं. पुस्तक फुगून दुप्पट झालं. मी भीत भीत परत केलं, तर बाईंनी पानांना चिकटलेला चिखल नखानं हलकेच काढला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘जमा’.

मग मी चौथं मागितलं. बाई म्हणाल्या, बाहेर गेलंय. ऑक्टोबरमध्ये विचारलं, डिसेंबरमध्ये विचारलं. तेच उत्तर. कपाटात वरच्या कप्प्यात ‘झुंबर’ मला दिसत होतं! मला राग आला होता, खोटं का सांगतात म्हणून. निरोप समारंभाच्या दिवशी त्यांनी पिशवीतून ते काढून दिलं. “आता वाच. बोर्डाची परीक्षा झाल्यावर.”

‘झुंबर’मध्ये लंपनचे वडील जातात.

पुढे कळलं, संत स्वतः लहान असतानाच त्यांचे वडील गेले, १९४६ साली. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. ‘झुंबर’ आलं ते नव्या शतकात. वजाबाकी मी आपोआप केली. पन्नासच्या वर. बाईंनी मला वर्षभर थांबवलं होतं. कोणतं पुस्तक द्यायचं हे पुष्कळांना कळतं, कोणतं अजून द्यायचं नाही हे मी फक्त बाईंना कळलेलं पाहिलं. कॉलेजात ‘कोसला’ वाचताना पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते, तिथे मी पुस्तक मिटलं नाही. ती तयारी बाईंची.

बाबांसारखे मीही हिशेबच करते. सीए झाले, कॉलेज रोडला स्वतःचं ऑफिस आहे, नऊ जण काम करतात. बाबांनी पाटी पाहायला हवी होती. मागच्या वर्षी शाळेत आले होते तर वाचनालयाच्या खोलीत संगणक मांडलेले. छान आहेत. पण कपाट कुठे गेलं, कोणाला सांगता आलं नाही. रजिस्टरही नाही. फार वाईट वाटलं.

‘झुंबर’ अजून माझ्याकडेच आहे. आत शाळेचा शिक्का, बाईंच्या अक्षरात माझं नाव, आणि ‘परत केल्याची तारीख’ हा रकाना कोरा. समारंभाला येताना ते जमा करायचं ठरवलं होतं. पण माझ्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी एक एकोणीस वर्षांची मुलगी आहे, तिची आई दिवाळीत गेली. तिला मी ‘वनवास’ दिलंय. काल येऊन दुसरं घेऊन गेली.

तेव्हा बाई, पुस्तक एवढ्यात आणत नाही. मुदत वाढवून हवी आहे.