बरणीच्या तळाशी

"गाडी ओढू नका," असं मी फोनवर दोनदा सांगितलं. पलीकडून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग दादा म्हणाले, "मिस्त्री, ओढून झाली की. ट्रॅक्टरला बांधून, दुसऱ्या गेरात. किलोमीटरभर तरी ओढली असंल."

जानेवारीतली सकाळ, पावणेसहा. दादांची शेती पाचगणीच्या अलीकडे. सात सीटची डिझेल गाडी आहे, आणि हंगामात मागच्या सीटा काढून तिच्यातून स्ट्रॉबेरीची खोकी पुण्याला जातात. आदल्या संध्याकाळी पुतण्याने मोबाइलवर बघून डिझेल फिल्टर बदलला. गाडी लगेच चालू झाली, मिनिटभर चालली आणि बंद पडली. पंपात आणि नळीत उरलेल्या डिझेलवर तेवढी चालते, आणि नेमकं तेच मिनिट माणसाला फसवतं. आपलं काम बरोबर झालंय असं वाटतं, मग पुढे सगळे सेल्फ मारत बसतात. यांनी रात्री बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला. मग ट्रॅक्टरची बॅटरी जोडून मारला. पहाटे दोर बांधला.

वाईहून मोटारसायकलवर पसरणी घाट चढलो. डिक्कीत गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर, फूटभर पारदर्शक नळी, रबरी ओ-रिंगांचा डबा, लोहचुंबक, पाच लिटर गाळलेलं डिझेल. वाटेत एकच विचार चालला होता: पंप वाचला असेल का?

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या वस्तादांच्या काळात डिझेल गाडी ओढून चालू करणं ही रोजची गोष्ट होती. तेव्हाच्या लाइन पंपाला इंजिन ऑइलचं वंगण असायचं. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट अर्धा आटा सैल करायचे, सेल्फ मारायचा, फेस संपून डिझेल आलं की नट आवळायचे. आताच्या कॉमन रेल गाडीत पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून भरतो आणि तिथून ते सगळ्या नोझलना जातं. या हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते फक्त त्यातून वाहणाऱ्या डिझेलचं. डिझेल नसेल तर लोखंडावर लोखंड घासतं. घासून निघालेली कात, म्हणजे धातूचा बारीक कीस, रेलमध्ये जाते, नोझलमध्ये जाते, आणि उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न लाइनने टाकीतही पोचते. मग नुसता पंप बदलून भागत नाही. टाकीपासून नोझलपर्यंत सगळं उघडावं लागतं आणि खर्च लाखाच्या घरात जातो.

आणि नट सैल करण्याचा जुना मार्ग इथे जिवावर बेतू शकतो. टायरात हवा असते सव्वादोन बार. या रेलमध्ये चालत्या गाडीत १,६०० बारपर्यंत दाब जातो. केसाएवढ्या फटीतून आलेली धार कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. नुसती अर्ध्या मिनिटाची क्लिप टाकून 'फिल्टर बदला घरच्या घरी' म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. फिल्टर कसा फिरवायचा ते दाखवतात, हवा कशी काढायची त्यावर एक शब्द नसतो.

पोचलो तेव्हा शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये खोकी चढत होती. मालाची चिंता मिटली होती. पुतण्या बाजूला मान खाली घालून उभा होता. त्याला मी रागावलो नाही. फक्त विचारलं, "फिल्टर बसवताना त्यात डिझेल भरलं होतंस का?"

"भरलं की. काठोकाठ."

"कुठल्या भोकातून?"

"मधल्या."

इथे माझ्या पोटात गोळा आला. या फिल्टरमध्ये डिझेल कडेच्या बारीक भोकांतून आत जातं, कागदातून गाळून मधल्या भोकातून पंपाकडे निघतं. भरायचंच असेल तर कडेच्या भोकांतून, हळूहळू. मधून ओतलं की ते न गाळता सरळ पंपात. आणि ते डिझेल ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या पत्र्याच्या बॅरलमधून काढलेलं होतं.

फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबायला घेतला. चांगल्या गाडीत पन्नासेक दाबांत तो कडक होतो, अंगठ्याला विरोध जाणवतो. इथे शंभर झाले, दीडशे झाले, तो मऊच. म्हणजे कुठून तरी हवा ओढतोय. बाहेर डिझेलचा एक थेंब नाही. पुतण्या म्हणाला, "लीक तर कुठंच नाही." या गाडीत टाकीत मोटर नाही, इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो. त्यामुळे फिल्टरच्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. तिथली फट डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. वरून सगळं कोरडंठाक. भले भले मेकॅनिक इथे चकतात आणि नोझल काढायला लावतात.

फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी जोडली. दाबलं की बुडबुड्यांची माळ. वरची जोडणी चिंधीने पुसून, घट्ट धरून पाहिली, माळ तशीच. मग फिल्टरच्या तळाचा पाण्याचा सेन्सर धरला. तो जुन्या फिल्टरवरून काढून नव्याला लावायचा असतो. मुठीत दाबून धरला तेव्हा बुडबुडे विरळ झाले. खोलला तर त्याची ओ-रिंग कडक झालेली, एका जागी चिरटलेली आणि खाचेतून अर्धी बाहेर. नव्या फिल्टरबरोबर ही रिंग यायला हवी. दुकानदाराने स्वस्तातला फिल्टर दिला, त्यात वरची रिंग होती, सेन्सरची नव्हती. दहा रुपयांची वस्तू. काउंटरवर बसून सुटे भाग विकणाऱ्याला गिऱ्हाइकाला हे सांगता येऊ नये?

माझ्या डब्यातली मापाची रिंग डिझेलचं बोट लावून बसवली. बॅरलचं डिझेल ओतून टाकलं, माझं गाळलेलं भरलं. हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू अर्धा आटा सैल केला आणि दाबायला लागलो. आधी नुसती फुसफुस. मग थुंकीसारखा पांढरा फेस. मग फेस आणि डिझेल आलटून पालटून, आणि शेवटी अखंड, बिनबुडबुड्याची धार. हातपंप दाबलेलाच ठेवून स्क्रू आवळला, नाहीतर सोडताना तो पुन्हा हवा ओढतो. त्यानंतर दहा-बारा दाबांत हातपंप दगडासारखा झाला. या कामात मला सगळ्यात आवडणारा क्षण तो.

स्कॅनर लावला. सेल्फ दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. पहिल्यांदा रेलचा दाब चाळीस बारच्या पुढे गेला नाही. दुसऱ्यांदा एकशेदहा. दोनशेच्या आसपास गेल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही, म्हणून तोवर एंजिन नुसतं गरगरतं. तिसऱ्यांदा दोनशेतीस, आणि गाडीने एकदम हुंकार दिला. पांढरा धूर, जोरात ठोका, हळूहळू ठोका शांत. दादांनी हात जोडले. बाया घरातून बाहेर आल्या. चहा आला.

मी चहा घेतला नाही. बंद करून रिटर्नची नळी काढली, घरातून लोणच्याची धुतलेली काचेची बरणी मागितली, नळी तिच्यात सोडून गाडी पुन्हा चालवली. अर्धी बरणी भरली. उन्हात धरली तर आत चमचम. दादा म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "पंधरा मिनिटं थांबू." बुडबुडा असेल तर वर जातो. धातू असेल तर खाली बसतो.

पंधरा मिनिटांनी बरणीच्या तळाशी पाच कण होते. बरणीखालून चुंबक फिरवला. तीन हलले, दोन नाहीत. हललेल्यांपैकी एक तांबूस, दोन चकचकीत.

त्या पाच कणांवर मी आजही विचार करतो. तांबूस कण बॅरलचा गंज असणार, त्यात मला शंका नाही. पण चकचकीत? नव्या स्वस्त फिल्टरच्या आट्यांना कात चिकटलेली असू शकते, मी अशी पाहिली आहे. किंवा ती पंपाची असेल. रात्रभराचा सेल्फ आणि वर किलोमीटरभर कोरडी फरफट.

दुपारी गाडी वाईला आणली. पंपात किती डिझेल शिरेल ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व काढून तोंड पुसलं. पांढऱ्या कापडावर करडा लेप आला, कण नाही. पंप पूर्ण घासला असता तर इथे चांदीसारखी पूड मिळते. लेप जुन्या वापराचाही असतो. म्हणजे उत्तर मिळालं नाही. टाकी उतरवून धुतली, नळ्या साफ केल्या, चांगला फिल्टर घातला, यावेळी रिंगेसकट.

दादांना सगळं खरं सांगितलं. पंप आणि नोझल आत्ताच उघडले तर खर्च किती, न उघडले तर धोका काय. ते म्हणाले, "तुम्ही सांगाल ते करू." हेच मला जड गेलं. स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात, गाडी चार-पाच दिवस उभी राहिली तर तोडलेला माल सडतो. मी म्हटलं, "पंपाला आत्ता हात लावू नका. पाचशे किलोमीटरला गाडी आणा, बरणी भरू."

डिझेलचे पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या एकाशी बोललो. तो म्हणाला, "शंका आली की उघडायचा, एवढा विचार कसला." त्याचा धंदा तोच आहे, पण तो चुकीचं बोलतोय असंही मला छातीठोक म्हणता येत नाही. गाडी घाटात भरल्या मालासकट बंद पडली तर ब्रेकची मदत जाते, स्टेअरिंग जड होतं. ते आठवलं की झोप लागत नाही.

पाचशेला आले. दोन कण, दोन्ही चकचकीत, एक हलला. हजारला एकही दिसला नाही, पण त्या दिवशी ढग होते आणि मी टॉर्चच्या उजेडात पाहिलं, त्याचं मला समाधान नाही. तिन्ही बरण्या झाकणावर तारीख आणि किलोमीटर लिहून फळीवर ठेवल्या आहेत. पुतण्या आता दर रविवारी गॅरेजवर येतो. परवा त्याने माझ्यादेखत एका गाडीचा फिल्टर बदलला आणि रिंग आधी बोटाने चाचपून पाहिली.

दोन हजार पुढच्या रविवारी भरतील. चौथी बरणी घासून, स्वच्छ कापडाने पुसून पालथी ठेवली आहे. दादांना सांगितलंय, सकाळी ऊन असतानाच या.