एनओ कमी झालं, पण नॉक्स? प्लाझ्मा रिॲक्टरवरचा माझा अनुभव

डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मुख्यतः डिझेलमधून येत नाहीत. सिलिंडरमधल्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि एनओ (नायट्रिक ऑक्साइड) तयार होतं. त्यातल्या थोड्याचं पुढे एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) होतं. दोन्ही मिळून नॉक्स. वीज गेली की सोसायटीचा जनरेटर धडधडतो आणि हा धूर थेट खालच्या मजल्यांच्या खिडक्यांत शिरतो. म्हणून एम.टेक.च्या प्रकल्पाला मी हाच विषय घेतला: धूर प्लाझ्मातून, म्हणजे विजेने आयनित झालेल्या वायूतून, नेऊन नॉक्स कमी करायचं.

रिॲक्टर दिसायला साधा: क्वार्ट्झची नळी, मधोमध स्टीलची दांडी, बाहेरून गुंडाळलेली तांब्याची जाळी. दांडीला हाय व्होल्टेज, जाळीला अर्थिंग. मधल्या काचेमुळे ठिणगी एका जागी पेटून राहत नाही, नळीभर बारीक जांभळे डिस्चार्ज पसरतात. सीमेन्सने १८५७ मध्ये ओझोन बनवायला याच तत्त्वावरची रचना वापरली होती. यात इलेक्ट्रॉन तापतात, वायू मात्र जवळपास थंडच राहतो, आणि मला हेच सर्वात आवडलं. एरवी नॉक्स काढायला वापरतात त्या उत्प्रेरकाला काम करायला धूर चांगलाच गरम लागतो.

खरा वेळ गेला तो शक्ती मोजण्यात. करंट नॅनोसेकंदांच्या काट्यांसारखा येतो, साध्या मीटरला तो पकडता येत नाही. मग अर्थिंगच्या बाजूला सिरीजमध्ये कपॅसिटर लावला आणि ऑसिलोस्कोपवर चार्ज विरुद्ध व्होल्टेज काढलं. पडद्यावर तिरका चौकोन उमटतो. त्याचं क्षेत्रफळ ही एका आवर्तनाची ऊर्जा. तिला फ्रीक्वेन्सीने गुणलं की वॉट मिळतात. तो चौकोन पहिल्यांदा स्वच्छ उमटला तेव्हा मी लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

काजळी आणि पाणी गाळून धूर सोडला. व्होल्टेज वाढवत नेलं तसं ॲनालायझरवर एनओ झरझर उतरलं.

मॅडमनी आकडे पाहिले आणि विचारलं, "अगं, हे एनओ गेलं कुठे?"

उत्तर शेजारच्याच रकान्यात होतं: एनओटू जवळजवळ तेवढंच वाढलं होतं. बेरीज फारशी हललीच नव्हती. कारण बंधांच्या ताकदीत आहे. ऑक्सिजनचा रेणू तोडायला सुमारे ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, नायट्रोजनचा तोडायला ९.८. एनओचा पुन्हा नायट्रोजन करायचा तर नायट्रोजनचे सुटे अणू लागतात. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन भरपूर, म्हणून आधी तोच तुटतो. त्याचे अणू आणि ओझोन एनओला एनओटू करून टाकतात. नुसता एनओचा आलेख दाखवून "इतके टक्के निर्मूलन" म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. श्वासासाठी एनओटू अधिक घातक आहे.

पण इथेच वाट सापडली. एनओ पाण्यात जेमतेम विरघळतं, एनओटूला मात्र सोडियम सल्फाइटचं द्रावण पकडतं. सल्फाइटचं सल्फेट होतं. रिॲक्टरच्या पुढे ही बाटली जोडली. प्लाझ्मा बंद ठेवला तर एनओ बाटलीतून तसंच पार होई. सुरू केला की बेरीज खाली येई. अडचण एक राहिली: धुरातला ऑक्सिजनही सल्फाइट खातो, त्यामुळे द्रावण लवकर निकामी होतं.

दुसरा प्रश्न विजेचा. मिनिटाला ६ लिटर धूर आणि ६ वॉट म्हणजे लिटरमागे ६० ज्यूल. याच हिशेबाने सेकंदाला १०० लिटर धूर सोडणाऱ्या इंजिनाला ६ किलोवॉट लागतील, आणि ते त्याच इंजिनातून काढायचे. त्यामुळे ट्रकसाठी मी याचा आग्रह धरणार नाही, तिथे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण आणि उत्प्रेरक हाच मार्ग बरा. एका जागी उभ्या असलेल्या छोट्या जनरेटरचं वेगळं आहे. तिथे धूर थंड करायला जागा असते, द्रावणाची टाकी ठेवता येते, ती बदलायला माणूसही असतो. पुढची चाचणी मी त्यावरच लावली आहे, या वेळी सल्फाइट जास्त टिकावं म्हणून त्यात थोडं सोडियम थायोसल्फेट घालून.