काळे डबे आणि आवाजाचा मोह

जुन्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडलं की बघणारे आधी कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर जातात, मग रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनवरचं झाकण किती चकचकीत आहे ते बघतात, आणि एअर क्लीनरचे, म्हणजे हवा गाळणारे काळे पत्र्याचे डबे मध्ये येतात म्हणून जरा वैतागतातच. एमजीबीचंच घ्या ना. १९६२ ते १९८० ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती, १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बहुतेक गाड्यांना शेजारी शेजारी दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकेक डबा. दिसायला अगदीच बावळट. कारचा इतका सुंदर आकार काढणाऱ्या लोकांनी हे डबे असे का केले असतील असं वाटतं खरं, पण फिल्टर बदलायला बसलं की माझं मत दर वेळी डब्यांच्याच बाजूने जातं.

म्हणजे बघा, पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. ऐकायला काही वाटत नाही, पण हवा हलकी असते, त्यामुळे एक लिटर पेट्रोलमागे इंजिन जवळपास नऊ हजार लिटर हवा आत ओढतं! आपण पैसे मोजतो फक्त पेट्रोलचे, हवा फुकट म्हणून तिचा कोणी हिशोबच ठेवत नाही. आणि त्या हवेत जी धूळ असते त्यात वाळूचे बारीक कण असतात, ते सिलिंडरच्या बिडापेक्षा कडक, त्यामुळे पिस्टन रिंग आणि बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या मध्ये तेलात कालवले गेले की पॉलिश पेपरने घासावं तसं घासत बसतात. लगेच काहीच कळत नाही, कळतं तेव्हा सायलेन्सरमधून जळक्या तेलाचा निळा धूर येत असतो.

प्रत्यक्ष काम म्हणाल तर सोपं, फक्त चिकट. डबे लांब बोल्टवर असतात आणि मागच्या बाजूचे नट दिसत नाहीत, बोटांनीच चाचपायचे. पाने इंचाचे लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे तेरा नंबरचा पाना बसतो असं वाटतं, बसतोही, पण किंचित सैल, आणि गंजलेल्या नटवर जोर लावला की कोपरे गोल. एकदा नट गोल झाला की पुढची दुपार त्या एका नटची! म्हणून इंचाचे पाने वेगळे घेऊन ठेवावेत, जुन्या ब्रिटिश गाडीवाल्याला ते आज ना उद्या घ्यावेच लागतात.

खरी मेख गॅस्केटमध्ये, म्हणजे डबा आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या कागदी चकतीत आहे. एसयूमध्ये एक पिस्टन असतो, त्याच्या वर इंजिनची ओढ लागते आणि खालून बाहेरच्या हवेचा दाब, या दोन्हींच्या फरकावर तो उचलला जातो. खालची ही हवा येते कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेल्या छोट्या भोकातून, डबा बसतो त्याच जागी. गॅस्केट उलटं लागलं की भोक बंद, मग पिस्टन उचलतच नाही नीट, गाडी ॲक्सिलरेटर दाबला की गुदमरते आणि लोक प्लग बदलतात, टायमिंग बघतात, कार्ब्युरेटरमधली पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई बदलतात, बिचाऱ्या कागदाच्या गॅस्केटवर कोणाचा संशयच जात नाही. भोकावर भोक आलंय ना, एवढं बघायचं, बास.

आत कागदाचा घड्या घातलेला फिल्टर निघतो. हा धुवायचा नसतो, आणि जोरात आपटायचाही नसतो, कडेचं सील वाकलं तर धूळ बाजूने सरळ आत. थोडी धूळ बसलेला कागद उलट कोऱ्या कागदापेक्षा बारीक कण पकडतो, पुढे फारच भरला की मग इंजिनचा श्वास अडतो. त्यामुळे उठसूट फिल्टर काढून हवा मारणाऱ्यांचा उत्साह मला कळत नाही. अर्थात या गाड्या चालतात कमी आणि उभ्या राहतात जास्त, कागद मळायच्या आधी ओलीनेच खराब होतो. कधी डबा उघडल्यावर आत उंदराने घर केलेलं असतं, पूर्ण सामानासकट!

आणि मग येतो मोह. डबे काढा, त्याजागी क्रोमचे चपटे पॅनकेक फिल्टर लावा, किंवा फिल्टरच नको, नुसते ट्रम्पेट, म्हणजे कर्ण्यासारखी उघडी तोंडं. आवाज काय येतो म्हणून सांगू, पाय दाबला की सक्शनची ती गुरगुर, मलाही आवडते, खोटं कशाला बोलू. पण त्या आवाजाला लोक पॉवर समजतात तिथे गडबड होते. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक, उघडा फिल्टर तिथली गरम, पातळ हवा ओढतो. काळ्या डब्याला निदान पुढे काढलेली नळी तरी असते. शिवाय हवा गोलसर तोंडातून वळून आत गेली तर बरी जाते, चपट्या फिल्टरमध्ये ती धारदार कडेवर अडखळते. फिल्टर बदलला की पेट्रोल आणि हवेचं मिश्रणही बदलू शकतं, म्हणजे सुई बघा, पेट्रोल ज्यातून येतं ते जेट सेट करा. आणि इंजिनने कधी उलटा फटाका मारला तर ज्वाळा बॉनेटखाली पसरू नये म्हणूनही तो डबा असतो, नुसत्या ट्रम्पेटला ते काम जमत नाही.

रेस ट्रॅकवर तासाभरासाठी लावा हवं तर, इंजिन दर सीझनला उघडणारे लोक ते. रोजच्या रस्त्यावर आवाज हवाच असेल तर सायलेन्सरवर खर्च करा, तिथून निदान धूळ आत जात नाही.