दुसऱ्या क्रमांकावर बचावपटू?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडतात तिथे, केवळ बचावासाठी एखादा उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) घ्यावा का, हा प्रश्न निघाला की मला २००९ सालचा मेम्फिसचा संघ आठवतो. त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर सात फूट तीन इंच उंचीचा टांझानियाचा हाशीम थाबीट निवडला आणि पुढे मोठे तारे ठरलेले दोघे, तिसऱ्या क्रमांकावर जेम्स हार्डन आणि सातव्यावर स्टीफन करी, दुसऱ्यांच्या पदरात पडले. (मेम्फिसचे चाहते अजूनही कपाळाला हात लावत असतील.) तरीही याचा दोष बचावाला देणे मला पटत नाही, कारण २०१३ मध्ये थेट २७व्या क्रमांकावर निवडला जाऊन युटाकडे आलेला रूडी गोबेअर पुढे चार वेळा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याचा खेळ नीट पाहिला, तर चेंडू अडवणे ही त्यातली लहानशी बाब वाटते: प्रतिस्पर्धी गार्ड (चेंडू हाताळणारा खेळाडू) स्क्रीनला, म्हणजे सहकाऱ्याने वाट अडवून दिलेल्या आडोशाला, वळसा घालून आत शिरतो, गोबेअर हात पसरून एकेक पाऊल मागे सरकत राहतो आणि बास्केटजवळ पोहोचलेला तो गार्ड मुकाट्याने चेंडू बाहेर देऊन टाकतो. थाबीटकडे उंची होती, ही जाण नव्हती. बेन वॉलेस या बचावपटू सेंटरला तर १९९६ मध्ये कोणीच निवडले नव्हते, आणि २००४ मध्ये तो डेट्रॉइटच्या विजेत्या संघाचा कणा होता. त्यामुळे असा खेळाडू मी जरूर घेईन, मात्र विसाव्या क्रमांकाच्या आसपास. पहिल्या पाचांत, समोर चांगला नेमबाज उपलब्ध असताना, नाही.