मिकुमी: एका शनिवार-रविवारचे जंगल

आम्ही आफ्रिकेत राहतो हे कळल्यापासून घरून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो: सेरेंगेटी पाहिले का? दार-एस-सलाममध्ये तीन वर्षे काढूनही आमचे उत्तर 'नाही' असेच आहे, कारण सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान टांझानियाच्या उत्तर टोकाला आहे आणि तिकडे जायचे तर रजा, विमानाची तिकिटे आणि पुरेसे डॉलर हे तिन्ही एकाच वेळी जुळून यावे लागतात. ज्याला सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचे आहे, तो मिकुमीच्या राष्ट्रीय उद्यानात जातो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्हीही पहाटे साडेचारला निघालो.

मिकुमी दार-एस-सलामच्या पश्चिमेला सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. चालिंझेचा फाटा मागे पडला, की मोरोगोरोच्या आसपास घायपाताची लांबच लांब शेते आणि डावीकडे उलुगुरूचे डोंगर दिसू लागतात. वाटेतल्या प्रत्येक गावात वेगमर्यादा ताशी पन्नासवर येते आणि पांढऱ्या गणवेशातले पोलीस ती पाळायला लावतात, त्यामुळे अंतराच्या मानाने वेळ फार जातो. आमच्या चालकाला मुलगी पहिल्या तासातच 'काका' म्हणू लागली आणि तो खूश झाला. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण, हे त्याने सांगितल्यावर मात्र ती बराच वेळ गप्प होती.

या उद्यानाची गंमत अशी, की झांबियाकडे जाणारा महामार्ग त्याच्या मधूनच जातो. फाटकावर पैसे भरण्याआधीच रस्त्याकडेला इम्पाला हरणे आणि झेब्रे चरताना दिसले, तेही तांबे आणि इंधन वाहणाऱ्या अजस्र ट्रकच्या रांगेशेजारी. रस्त्यावर ठिकठिकाणी गतिरोधक आहेत आणि एका फलकावर कोणता प्राणी गाडीखाली आल्यास किती डॉलर दंड, याची यादीच रंगवलेली आहे. जनावरांचे असे दरपत्रक वाचताना आधी हसू आले; नंतर ते कोणाला तरी लिहावे लागले, हे लक्षात आले.

उद्यान 1964 साली स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्रफळ 3,230 चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोबाच्या गाभा क्षेत्राच्या सुमारे पाचपट आहे. मिकुमी हे नाव ताडाच्या झाडावरून पडले. हा ताड आपल्याकडच्या ताडगोळ्यांच्या झाडाचा सख्खा भाऊबंद असल्यामुळे, कोकणात बालपण गेलेल्या माझ्या नवऱ्याने जिराफ सोडून आधी झाडांचेच फोटो काढले. प्रवेशशुल्क चोवीस तासांचे असते. दुपारी आत शिरून मुक्कामही आतच केला, तर संध्याकाळ आणि दुसरी पहाट दोन्ही पदरात पडतात. आम्ही तेच केले.

कोरड्या ऋतूत उद्यानातल्या म्काटाच्या मैदानातले प्राणी पाण्याच्या आश्रयाने राहतात. पाणघोड्यांच्या डबक्याहून परतताना एका लहान पाणवठ्याशी एक जिराफ एकटाच उभा दिसला. त्याने चारही दिशा न्याहाळल्या, पुढचे पाय थोडे फाकवले, पुन्हा जवळ घेतले आणि तसाच उभा राहिला. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी त्याने पाय तंबूच्या काठ्यांसारखे दोहीकडे पसरले आणि मान खाली सोडली. त्या अवस्थेत त्याला पटकन पळता येत नाही, म्हणूनच ही एवढी चाचपणी. तो पाणी प्यायला ते जेमतेम काही सेकंद. मग एका झटक्यात मान वर आली आणि ओठांवरून उडालेले पाणी उन्हात चमकले. आम्ही तिथे पाऊण तास होतो. सिंह रविवारी सकाळी दिसले, दोन माद्या, झुडपाच्या सावलीत गाढ झोपलेल्या. एकीचे शेपूट दोनदा हलले एवढीच त्या भेटीची नोंद. भोवती सहा गाड्या होत्या. दहा मिनिटांत आम्हीच कंटाळलो.

जाणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना: गडद निळे आणि काळे कपडे घरीच ठेवा. त्सेत्से माशीला हे रंग आवडतात आणि ती जीन्समधूनही चावते. दाट झाडीच्या पट्ट्यात माझ्या निळ्या पँटवर तिने तीन ठिकाणी हे सिद्ध केले. त्या गाठी गुरुवारपर्यंत खाजत होत्या.

परतताना महामार्गाला लागलो तोच पुढची वाहने थांबली. हत्तिणी, मागे दोन पिल्ले, शेवटी एक थोराड हत्तीण, असा नऊ जणांचा कळप सावकाश डांबर ओलांडत होता. दोन्ही बाजूंना ट्रक उभे राहिले होते, कोणीही हॉर्न वाजवला नाही. एक पिल्लू मधल्या पांढऱ्या पट्ट्याशी थांबून तो सोंडेने हुंगू लागले, तेव्हा थोराड हत्तिणीने त्याला मागून ढकलले. ती झाडीत दिसेनाशी झाल्यावरही मिनिटभर कोणी हलले नाही. मग समोरच्या झांबियन पाटीच्या ट्रकने गिअर टाकला.