तुम्ही विचारलंत म्हणून: सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असताना मी फिरायला कशी जात होते

हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात, रेल्वेच्या डब्यात, भाजीबाजारात आणि एकदा तर बँकेच्या रांगेतही विचारला गेला आहे. विचारणाऱ्या बहुधा बायकाच असतात आणि सुरुवात बहुधा कौतुकाने होते: तुम्ही सासूबाईंचे किती केलेत, पोटच्या मुलीनेही केले नसते. मग आवाज थोडा खाली येतो. 'पण ताई, त्या तशा पडून असताना तुम्हाला बाहेर जायचे सुचायचे तरी कसे?' अलीकडे याच बायका दुसराही प्रश्न विचारू लागल्या आहेत: 'आता तर मोकळ्या झालात, मग चारधाम का करत नाही? मुलाकडे परदेशात का जात नाही?' म्हणजे तेव्हा मी नदीपर्यंत गेले तरी ते फार होते, आणि आता समुद्रापलीकडे जात नाही हेही खुपते. दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला एकच द्यायचे आहे आणि ते उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

माझ्या त्या जाण्याला फिरणे म्हणावे की नाही, अशी शंका यावी इतके ते लहान होते. २०१६च्या पावसाळ्यात सासूबाई अंगणात घसरल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि शस्त्रक्रियेनंतरही त्या स्वतःच्या पायांवर पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात, आणि एकदा झालेली जखम उतारवयात महिनोन्महिने भरत नाही. सासूबाईंना शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही, हे मी अभिमानाने सांगते. दोन कुशींच्या मधला जो वेळ, तो माझा होता. तेवढ्यात आमच्या अमळनेरच्या बोरी नदीच्या पात्रापर्यंत जाऊन संत सखाराम महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतता येत असे. यजमान घरी असले, तर एखादी कूस त्यांच्याकडे सोपवून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर गाठता येत असे आणि धरणगावला उतरून परतीच्या गाडीने येता येत असे. मी शाळेत मराठी शिकवले. बालकवींचा जन्म १८९० साली धरणगावला झाला, हे वर्गात दरवर्षी सांगितले. पण त्या स्टेशनाच्या बाकावर बसून सावकाश चहा पिण्याचे सुख मला नोकरी संपल्यानंतर, आणि तेही अशा उसन्या वेळात मिळाले.

वर्षातून एकदा मी थोडी लांब जात असे. आषाढ शुद्ध सप्तमी हा आमच्याकडे तापीचा जन्मदिवस मानतात. त्या दिवशी शेजारच्या दोघीतिघींबरोबर नीमजवळच्या कपिलेश्वराला जायचे, तापीची ओटी भरायची आणि संगमाकाठी बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची, एवढाच बेत असे. पांझरा तिथे तापीला मिळते. धुळ्याकडे पाऊस झालेला असला, तर पांझरेचे पाणी गढूळ येते आणि तापीच्या पाण्याशी एकदम मिसळत नाही. दोन रंग शेजारी शेजारी वाहत जाताना दिसतात आणि नजर त्या रेषेवरून हलत नाही. तिथे बसल्यावर मला कसलेही मोठे विचार सुचत नसत, आणि ते सुचत नसत म्हणूनच मला तिथे बरे वाटत असे.

आणि हिवाळ्यातले भरीत. खानदेशाबाहेरच्या माणसाला वाटते की भरीत हा एक पदार्थ आहे, तो घरी गॅसवर करून खाल्ला की झाले. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर हिरवी, लांबट, पांढुरक्या रेघांची वांगी भाजली जातात, साल काढून ती लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली जातात, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे पडतात, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी हातावर घेऊन सगळे बांधावर बसतात. धुराने डोळे चुरचुरतात, थंडीने हात गारठलेले असतात आणि वांगे पोळत असते. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली, तेव्हा त्या अंथरुणातूनच म्हणाल्या की वांगे हातात घेतल्याबरोबर जे कळते त्याला कागद कशाला हवा. त्यांचे माहेर तापीकाठचे. वांग्याची पारख त्यांना आमच्यापेक्षा जास्त होती.

मी परतले की पाय धुऊन त्यांच्या खोलीत जात असे आणि त्या आधी तोच प्रश्न विचारत: 'काय काय देखं?' मग मी सांगत असे. नदीला पाणी किती आहे, कुणाची कपाशी वेचणीला आली आहे, पॅसेंजरमध्ये शेजारी कोण बसले होते, भरीत तिखट होते की नाही. त्या मध्येच अडवत, चुका काढत, अमुक घाटाच्या पायऱ्या अशा नाहीत म्हणत. कितीतरी वर्षांपूर्वी पाहिलेल्या गोष्टींशी माझ्या गोष्टी त्या ताडून पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात जी काही हालचाल दिसत असे, ती त्या वेळी सर्वांत जास्त असे.

तुम्ही विचारायचात, तेव्हा मी हेच उत्तर देत असे: मी त्यांच्यासाठी जाते, आल्यावर त्यांना सांगते, त्यांचेही मन रमते. हे खरे होते, पण पूर्ण नव्हते, आणि आज ते उत्तर देणाऱ्या त्या बाईशी मला भांडावेसे वाटते. मी स्वतःसाठी जात होते. औषधांच्या, फिनेलच्या आणि ओल्या चादरींच्या वासातून बाहेर पडण्यासाठी जात होते, आणि संगमावर बसलेली असताना घरी काय चालले असेल याची मला आठवणसुद्धा होत नसे. ते सांगितले असते तर तुम्ही मला कठोर म्हणाला असतात, म्हणून त्या बाईने सोपे उत्तर दिले. ती मला सांगेल की गावात राहायचे होते, उत्तर सोपेच लागते. तिचेही म्हणणे मी खोडून काढू शकत नाही.

आता त्या दिवसाबद्दल. तुमच्यापैकी बहुतेकांना विचारायचे असते ते त्याच दिवसाबद्दल, फक्त थेट विचारायचे धाडस होत नाही.

वैशाख शुद्ध एकादशीला सखाराम महाराजांचा रथ निघतो. करोनाच्या दोन वर्षांत यात्रा भरली नव्हती. २०२२ साली ती पुन्हा नेहमीसारखी भरली, बोरीच्या पात्रात पाळणे लागले, दुकाने लागली, आणि सगळे गाव दोन वर्षांचे साचलेले हसू घेऊन बाहेर पडले. सासूबाई त्या आठवड्यात फार थकल्या होत्या. अन्न जवळजवळ सुटले होते, दूध आणि पाणी चमच्याने जात होते. डॉक्टर घरी येऊन गेले आणि काही दिवस किंवा काही आठवडे, असे म्हणाले. त्या संध्याकाळी मी निघणार नव्हते. रथाचे ढोल लांबून ऐकू आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, 'जाय, रथ देखी ये.' मी नको म्हटले. त्यांनी पुन्हा म्हटले. यजमान म्हणाले, मी बसतो, तू जाऊन ये. हे मी साक्ष काढावी तसे लिहीत आहे, याची मला जाणीव आहे.

मी गेले. उन्हाचा तडाखा उतरला होता, पण रस्ता अजून भाजत होता. रथ वळणावर आला, तेव्हा गर्दीने मला एका ओट्याच्या कडेला नेऊन सोडले आणि तिथून मला सगळे नीट दिसले: वर बसलेले पुजारी, दिव्यांच्या माळा, दोरखंड ओढणारी माणसे, आणि खाली चाकांशी वाकून मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळे, लावणारे, ज्यांच्या हातांवर एवढा मोठा रथ वळतो आणि थांबतो. रथ वळला आणि लोकांनी एकदम जयघोष केला. माझ्या शेजारच्या अनोळखी म्हातारीने आनंदाने माझा दंड घट्ट धरला. मलाही रडू आले, आणि ते आनंदाचे होते, दुसऱ्या कशाचे नव्हते. परतताना पात्रातल्या एका दुकानातून गोडीशेव घेतली. एकादशी होती म्हणून दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, तिचा एक कण सासूबाईंच्या जिभेवर ठेवायचा असे मनाशी ठरवले होते.

फोन पिशवीत होता. ढोलांच्या आवाजात तो वाजलेला मला ऐकू आला नाही. घराच्या गल्लीत वळले तेव्हा आमच्या दाराशी चपला दिसल्या आणि मला कळले. आत गेले तेव्हा कुणीतरी माझ्या हातातून गोडीशेवेचा पुडा घेतला. तो कुणी घेतला आणि त्याचे पुढे काय झाले, हे मी आजवर कुणाला विचारलेले नाही. यजमान त्यांच्या उशाशी होते. त्यांनी तोंडात पाणी घातले होते. त्या एकट्या गेल्या नाहीत, मुलाच्या हातचे पाणी पिऊन गेल्या. मला वाटते की हे वाक्य तुमच्यापैकी कुणी कधी नीट ऐकलेच नाही.

एकादशीला गेल्या, पुण्यवान होत्या, असे भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता. आणि त्याच एकादशीला सून रथ पाहायला गेली होती, हेही प्रत्येक जण म्हणत होता. तिसऱ्या दिवशी नात्यातल्या एक वयस्कर बाई माझ्याजवळ बसल्या, पदराने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, 'रथ पाहून झाला ना?' माझे दोन्ही दीर पुण्याला होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. तुम्ही कुठे होतात, असे त्यांना कुणी विचारले नाही. विचारावे असेही मी म्हणत नाही. त्यांच्या नोकऱ्या होत्या, संसार होते. पण मग मलाही विचारू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

यात मला ज्याचा त्रास होतो ते तुम्हाला वाटते त्याहून वेगळे आहे. मी तिथे नव्हते, याचे दुःख आहे. पण रथ वळल्याचा तो क्षण आजही मला तितकाच चांगला आठवतो. घरी जे घडले त्याने तो काळवंडला नाही. तो काळवंडायला हवा होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. एखाद्या दिवशी वाटते, हवा होता. एखाद्या दिवशी वाटते, त्यांनी मला ज्यासाठी पाठवले तेच मी केले, आणि परत येऊन सांगायचे तेवढे राहिले.

चारधामाचे उत्तर यातूनच येते. मुलाने केरळची सहल आखून दिली होती, मी गेले, छान होती. पण तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत आनंद घेण्याचेच काम होते, आणि मला तो तसा घेता येत नाही. मला तो कामाच्या मध्ये लागतो, दोन कुशींच्या मध्ये मिळत होता तसा. आता कूस बदलायची कुणाची नाही, तरी घरी यजमानांची औषधे आहेत, शिकवणीला येणारी गल्लीतली मुले आहेत, आणि त्यांतून सुटून मी अजूनही नदीवर जाते, कपिलेश्वराला जाते, डिसेंबरात कुणी शेतावर बोलावले तर भरीत खायला जाते. वैशाखातल्या रथाला अजून गेलेले नाही. जाईनही. सध्या सांगता येत नाही.

माझ्या नणंदबाई नंदुरबारला असतात. गेल्या दिवाळीत त्या आल्या तेव्हा हे सगळे मी त्यांच्यापुढे बोलून दाखवले. त्यांनी मध्ये न बोलता ऐकले आणि म्हणाल्या, 'वहिनी, काहीही असो, त्या दिवशी तुम्ही घरी असायला हव्या होतात.' मी म्हटले, 'तुम्हीही.' त्यावर त्या रडल्या, मीही रडले, आणि आमच्यापैकी कुणीही आपले म्हणणे मागे घेतले नाही. त्यानंतर त्यांचा दर रविवारी फोन येतो. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललेलो नाही.